मांजरांमधला ल्युकेमियाचा विषाणू: लागण आणि प्रसाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्ताच्या चाचणीवर ‘एफईएलव्ही पॉझिटिव्ह’ असा शेरा आला की मांजर पाळणाऱ्याच्या मनात एकदम पुष्कळ प्रश्न उभे राहतात. हे आलं कुठून? घरातल्या बाकीच्या मांजरांचं काय? आता हातात किती वेळ आहे? या आजाराबद्दल भीती पुष्कळ आहे आणि नीट माहिती कमी. म्हणून सतत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. विषाणू पसरतो कसा आणि शरीरात गेल्यावर करतो काय, यावर मुद्दाम जास्त लिहिलं आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात.

एफईएलव्ही म्हणजे नेमकं काय?

फेलाइन ल्युकेमिया व्हायरस, म्हणजे मांजरांमधला रक्तकर्काचा विषाणू. १९६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधून काढला. एकत्र राहणाऱ्या मांजरांमध्ये लसीका ग्रंथींचा कर्करोग एकामागून एक दिसत होता आणि तो संसर्गाने होत असावा, अशी त्यांना शंका आली होती. कर्करोग एका मांजराकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो हे त्या काळी सहज पटण्यासारखं नव्हतं. पुढे १९७३ मध्ये विल्यम हार्डी यांच्या गटाने रक्तातला विषाणू ओळखण्याची चाचणी वापरून दाखवून दिलं, की तो खरोखर सहवासातून पसरतो.

हा रेट्रोव्हायरस आहे. त्याची जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात असते. पेशीत शिरला की तो स्वतःच्या एन्झाइमच्या मदतीने त्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो डीएनए मांजराच्या पेशीतल्या डीएनएमध्ये कायमचा जोडतो. पुस्तकाच्या बांधणीत कुणी एखादं परकं पान शिवून टाकावं, तसं हे आहे. पुस्तकाची प्रत निघेल तेव्हा त्या पानाचीही निघते. पेशी विभागली की दोन्ही नव्या पेशींत विषाणूचा आराखडा जातो. या जोडलेल्या रूपाला प्रोव्हायरस म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, चाचण्यांच्या प्रश्नात तो परत लागणार आहे.

नावात ल्युकेमिया आहे, म्हणजे लागण झालेल्या प्रत्येक मांजराला कर्करोग होतो का?

नाही. लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) आणि ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) होण्याचा धोका लागण झालेल्या मांजरांत निरोगी मांजरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, हे खरं आहे. पण बरीचशी मांजरं कर्करोगाच्या आधीच रक्तक्षयाने किंवा ढासळलेल्या प्रतिकारशक्तीने आजारी पडतात. नावामुळे लोक फक्त गाठी शोधत बसतात. पांढऱ्या पडत चाललेल्या हिरड्या, महिनोन्महिने न हटणारी सर्दी आणि उतरत जाणारं वजन मात्र नजरेतून सुटतं.

तो एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो कसा?

मुख्यतः लाळेतून. रक्तात विषाणू सतत असलेल्या मांजराच्या एका मिलिलिटर लाळेत लाखांच्या घरात विषाणुकण असू शकतात. नाकातला स्राव, मूत्र, विष्ठा आणि दूध यांतूनही तो बाहेर पडतो, पण लाळेइतका धोका दुसऱ्या कशाचा नाही.

आता मांजरं दिवसभर काय करतात ते आठवा. एकमेकांचं डोकं आणि मान चाटून साफ करणं, नाकाला नाक लावणं, एकाच वाटीतलं पाणी पिणं, एकमेकांना बिलगून झोपणं. जीव लावणाऱ्या मांजरांचं हे रोजचं वागणं म्हणजेच या विषाणूचा हमरस्ता. म्हणूनच पशुवैद्य याला मैत्रीतून पसरणारा आजार म्हणतात. मारामारीतल्या चाव्यातूनही तो जातो, आणि चाव्यात लाळ थेट आतल्या ऊतीत पोचत असल्याने मोठ्या मांजरालाही त्यातून लागण होण्याची शक्यता वाढते. पण भांडण झालेलंच नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

ओझरत्या भेटीतून लागण होणं सोपं नसतं. साधारणपणे सहवास जवळचा आणि बराच काळ चाललेला असावा लागतो. दोन मांजरं एका खोलीत काही आठवडे राहिली, एका वाटीत खाल्लं, एका लिटर ट्रेमध्ये गेली, तर धोका खरा. खिडकीच्या जाळीपलीकडून एकमेकांवर गुरगुरली, एवढ्याने घाबरून जायचं कारण नाही.

रक्तसंक्रमण हा आणखी एक मार्ग. रक्तदाता मांजराची अँटिजेन चाचणी, म्हणजे रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी, निगेटिव्ह आली तरी तेवढ्यावर थांबू नये, त्याच्या रक्तात प्रोव्हायरस आहे का हेही तपासायला हवं. सुप्त लागण असलेल्या, म्हणजे पेशींत प्रोव्हायरस असूनही रक्तात विषाणू न दिसणाऱ्या, दात्याच्या रक्तातूनही विषाणू दुसऱ्या मांजरात गेल्याचं आढळलं आहे.

भांडी, अंथरूण, माझे हात आणि कपडे यांवरून पसरेल का?

शक्यता फार कमी. विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं. साबण, साधं डिटर्जंट, ब्लीच, उष्णता आणि कोरडेपणा, यातलं काहीही त्या आवरणाला सोसत नाही. कोरड्या पृष्ठभागावर विषाणू काही मिनिटं ते फार तर काही तास तग धरतो. ओल्या जागी, विशेषतः ओल्या रक्तात, तो जास्त टिकतो, म्हणून दवाखान्यातल्या सुया, दातांची उपकरणं आणि शस्त्रक्रियेची हत्यारं यांच्या निर्जंतुकीकरणात हयगय चालत नाही. घरात मात्र भांडी साबणाने धुणं आणि अंथरूण नेहमीसारखं धुऊन वाळवणं पुरतं. पार्व्होच्या विषाणूसारखा हा महिनोन्महिने फरशीवर दबा धरून बसत नाही.

शरीरात शिरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काय घडतं?

तोंडातून किंवा नाकातून आत आलेला विषाणू आधी घशातल्या टॉन्सिल्सच्या आणि आसपासच्या लसीका ऊतींत वाढतो. तिथल्या काही पांढऱ्या पेशी त्याला रक्तात घेऊन निघतात. मग प्लीहा, इतर लसीका ग्रंथी, आतड्याजवळच्या लसीका ऊती आणि शेवटी अस्थिमज्जा, असा त्याचा प्रवास होतो.

अस्थिमज्जेत पोचणं हे या सगळ्यातलं निर्णायक वळण. तिथे रक्ताच्या सगळ्या पेशी जन्माला येतात. तिथल्या मूळ पेशींत विषाणूचा डीएनए जोडला गेला, की त्यांच्यापासून पुढे बनणाऱ्या पेशी तो आराखडा घेऊनच बाहेर पडतात. त्यानंतर विषाणू लाळग्रंथी, आतड्याचं अस्तर, मूत्राशय यांच्या पेशींत पोचतो आणि लाळेतून व इतर स्रावांतून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागतो. म्हणजे मांजर इतरांना लागण देण्याच्या अवस्थेत येतं. घशापासून इथवर यायला साधारण काही आठवडे लागतात. एवढ्या काळात मांजर थोडं सुस्त राहतं, किंचित ताप येतो, कधी ग्रंथी सुजतात, आणि कित्येकदा मालकाला काहीच कळत नाही.

मांजराची प्रतिकारशक्ती या प्रवासात विषाणूला कुठे गाठते, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

मग लागण झाली म्हणजे मांजर वाचतच नाही का?

तसं नाही, आणि हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण या गैरसमजापायी कित्येक मांजरांना वेळ आणि उपचार मिळण्याआधीच निर्णय घेतले जातात.

काही मांजरांत घशातच विषाणूचा पाडाव होतो. विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, सापडतात, पण रक्तात ना विषाणू सापडतो ना त्याचा डीएनए. याला अपूर्ण, म्हणजे अबॉर्टिव्ह लागण म्हणतात.

दुसरा प्रकार सुप्त, म्हणजे रिग्रेसिव्ह लागण. विषाणू रक्तात येतो, कधी थोडे दिवस लाळेतूनही जातो, पण प्रतिकारशक्ती त्याला आवरते आणि तो रक्तातून दिसेनासा होतो. पेशींमधला प्रोव्हायरस मात्र राहतो. अशी मांजरं बहुधा निरोगी जगतात. प्रतिकारशक्ती खूप ढासळली, उदाहरणार्थ दीर्घकाळ जास्त मात्रेत स्टेरॉइड द्यावी लागली किंवा दुसरा गंभीर आजार झाला, तर विषाणू पुन्हा डोकं वर काढू शकतो. लागणीनंतर जसजसा काळ जातो तशी ही शक्यता घटत जाते.

तिसरा प्रकार प्रगतिशील, म्हणजे प्रोग्रेसिव्ह लागण. प्रतिकारशक्ती हरते, विषाणू रक्तात सतत राहतो आणि मांजर जन्मभर इतरांना लागण देऊ शकतं. यातली बहुतेक मांजरं निदानानंतर तीनेक वर्षांत संबंधित आजारांनी दगावतात. बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत. घरात, शांत वातावरणात, चांगल्या देखरेखीखाली यापेक्षा पुष्कळ जास्त वर्षं जगलेली मांजरंही आहेत.

क्वचित विषाणू एखाद्याच अवयवात, स्तनग्रंथीत किंवा मूत्राशयात, अडकून राहतो आणि चाचण्यांचे निकाल कधी असे तर कधी तसे येतात.

सुप्त लागण असलेलं मांजर इतरांना आजार देतं का?

रोजच्या सहवासातून नाही. त्याच्या लाळेत विषाणू नसतो. अपवाद तीन: त्याचं रक्त दुसऱ्या मांजराला दिलं तर, विषाणू पुन्हा सक्रिय झाला तर, आणि क्वचित एखाद्या भाटीच्या दुधातून पिल्लांना.

पिल्लांनाच धोका जास्त का?

लहान वयात प्रतिकारशक्ती घडत असते, त्यामुळे अस्थिमज्जेपर्यंतची वाट विषाणूला मोकळी मिळते. अगदी कोवळ्या पिल्लाला लागण झाली तर ती प्रगतिशील होण्याची भीती खूप मोठी. वाढत्या वयासोबत मांजरं बरीच प्रतिकारक्षम होतात. प्रौढ, निरोगी मांजराला लागण झालीच तर ती अपूर्ण किंवा सुप्त राहण्याचा संभव जास्त. पण वयाचं हे संरक्षण पक्कं नाही. लागण झालेल्या मांजरासोबत महिनोन्महिने एका घरात राहिलेलं मोठं मांजरही पॉझिटिव्ह येऊ शकतं.

आईकडून पिल्लांना जातो का?

जातो, आणि तीन वाटांनी: गर्भाशयात असतानाच, दुधातून, आणि जन्मल्यावर आई पिल्लांना चाटून साफ करते तेव्हा लाळेतून. प्रगतिशील लागण असलेल्या भाटीमध्ये गर्भ जिरून जाणं, गर्भपात, मेलेली पिल्लं जन्मणं हे वारंवार दिसतं. जिवंत जन्मलेली पिल्लंही पुष्कळदा नीट दूध ओढत नाहीत, वाढत नाहीत आणि थोड्याच दिवसांत जातात. एखाद्या भाटीची लागोपाठ दोन वेतं अशी गेली असतील, तर पुढचा विचार करण्याआधी तिची चाचणी करून घ्या.

एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची स्थिती सारखीच असेल असं मात्र गृहीत धरू नये. एकाची चाचणी केली, निगेटिव्ह आली, म्हणून बाकीच्यांना सोडून दिलं, हा हिशेब चुकतो. प्रत्येक पिल्लाची वेगळी चाचणी लागते.

ए, बी, सी, टी असे उपप्रकार ऐकले. त्यांचा काय संबंध?

एका मांजराकडून दुसऱ्याकडे जाणारा मुख्य उपप्रकार ए. बाकीचे बहुधा लागण झालेल्या मांजराच्या शरीरातच ए पासून तयार होतात, आणि विषाणूच्या स्वभावातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हाच आहे.

पाळीव मांजरांच्या डीएनएमध्ये याच विषाणूच्या प्राचीन नातेवाइकांचे तुकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहेत. त्यांच्या पूर्वजांना फार पूर्वी झालेल्या लागणीची ती खूण. हे तुकडे स्वतःहून आजार पसरवत नाहीत. पण बाहेरून आलेला ए उपप्रकार त्यांच्याशी जनुकांची देवाणघेवाण करतो तेव्हा बी उपप्रकार जन्मतो, आणि गाठी झालेल्या मांजरांत तो जास्त सापडतो. सी उपप्रकार ए मधल्या जनुकीय बदलांतून होतो. तो दुर्मीळ, पण अतिशय घातक असतो. अस्थिमज्जेत लाल पेशी बनण्याचं कामच तो बंद पाडतो आणि मांजराला जीवघेणा रक्तक्षय होतो. टी उपप्रकार टी पेशींवर हल्ला करून प्रतिकारशक्ती मोडतो.

हे सगळे उपप्रकार पेशीत शिरण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावरचे वेगवेगळे दरवाजे वापरतात. ए उपप्रकार थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आत नेणाऱ्या प्रथिनाला चिकटतो, तर बी फॉस्फेट आत नेणाऱ्या प्रथिनाला. त्यामुळेच एकाच विषाणूपासून एका मांजराला गाठ होते आणि दुसऱ्याला रक्तक्षय. नेहमीच्या चाचणीत उपप्रकार कळत नाही, आणि उपचार ठरवायला तो कळण्याची गरजही पडत नाही.

कोणती लक्षणं दिसली तर मनात शंका यावी?

वजन घटत जाणं, भूक मंदावणं, हिरड्या फिक्या किंवा पिवळसर होणं, वारंवार ताप, तोंडाची आणि हिरड्यांची न बरी होणारी सूज, जुनाट जुलाब, पुन्हा पुन्हा होणारे त्वचेचे, श्वसनाचे किंवा मूत्रमार्गाचे संसर्ग, सुजलेल्या ग्रंथी. तरुण मांजराला अचानक धाप लागायला लागली तर छातीतल्या लिम्फोमाची शक्यता तपासतात. काहींच्या दोन डोळ्यांच्या बाहुल्या वेगवेगळ्या आकाराच्या दिसतात, काहींना लघवी आवरत नाही.

यातलं एकही लक्षण फक्त याच विषाणूचं नाही. आणि लागण झालेलं मांजर कित्येक महिने, कधी वर्षंही, धडधाकट दिसतं. त्या काळात ते लाळेतून विषाणू सोडत असतं. रूपावरून अंदाज बांधता येत नाही, चाचणीच लागते.

चाचणी कोणती आणि कधी करायची?

पहिली चाचणी दवाखान्यातच काही मिनिटांत होते. रक्ताच्या थेंबात विषाणूचं पी-२७ नावाचं प्रथिन आहे का, हे ती पाहते. ही अँटिजेन चाचणी आहे, म्हणजे विषाणूचाच भाग शोधते, मांजराच्या अँटिबॉडी शोधत नाही. त्यामुळे आईच्या दुधातल्या अँटिबॉडींनी तिचा निकाल बिघडत नाही आणि पिल्लाची चाचणी कोणत्याही वयात करता येते. रक्ताऐवजी लाळ किंवा अश्रू वापरून केलेल्या चाचण्यांवर भरवसा ठेवू नका.

नवं मांजर घरात येताना, आजारी मांजर दवाखान्यात नेल्यावर, चावा बसल्यानंतर किंवा पॉझिटिव्ह मांजराशी संबंध आल्यावर, आणि पहिल्या लशीआधी चाचणी करावी. लागणीनंतर साधारण तीस दिवसांत बहुतेकांच्या रक्तात प्रथिन सापडू लागतं, काहींत त्याहून उशिरा. म्हणून कालपरवा संपर्क आला असेल तर आजचा निगेटिव्ह निकाल अपुरा ठरतो. महिना ते दीड महिन्याने पुन्हा तपासायला हवं.

पॉझिटिव्ह निकालाचीही खातरजमा करावी लागते, आणि इथे घाई होताना फार दिसते. ज्या समूहात आजार विरळ आहे तिथे निरोगी मांजराचा पॉझिटिव्ह निकाल चुकीचा असण्याची शक्यता जास्त असते. शिवाय निकाल खरा असला तरी मांजर नुकत्याच झालेल्या लागणीशी झगडत असेल आणि काही आठवड्यांनी सुप्त अवस्थेत जाईल. म्हणून वेगळ्या कंपनीच्या किटने पुन्हा चाचणी, प्रयोगशाळेत प्रोव्हायरसची पीसीआर, आणि काही आठवड्यांनी परत अँटिजेन चाचणी, अशा क्रमाने जातात. अँटिजेन निगेटिव्ह आणि पीसीआर पॉझिटिव्ह असेल तर बहुधा सुप्त लागण. दोन्ही पॉझिटिव्ह आणि चार महिन्यांनंतरही अँटिजेन जात नसेल, तर प्रगतिशील धरून चालावं लागतं.

लस आहे का? किती उपयोगाची?

आहे. पहिली लस अमेरिकेत १९८५ मध्ये आली. वयाच्या आठव्या आठवड्यापासून पहिला डोस, तीन ते चार आठवड्यांनी दुसरा, एका वर्षाने बूस्टर, आणि पुढे मांजराला असलेल्या धोक्यानुसार पशुवैद्य ठरवतील तसं. पिल्लांना ही लस द्यावीच, असा तज्ज्ञांचा कल आहे. मोठेपणी ते घरातच राहील की बाहेर जाईल, हे पिल्लाच्या वयात कुणाला ठाऊक असतं?

लस शंभर टक्के कवच देत नाही. लस घेतलेल्या मांजरात सुप्त लागण होऊ शकते. पण रक्तात सतत विषाणू राहण्याच्या जीवघेण्या अवस्थेपासून ती चांगलं संरक्षण देते. लशीच्या भरवशावर निगेटिव्ह मांजर पॉझिटिव्ह मांजरासोबत ठेवणं मात्र योग्य नाही. आधीच लागण झालेल्या मांजराला या लशीचा काही फायदा होत नाही, म्हणून चाचणी आधी आणि लस नंतर.

टोचल्या जागी फार क्वचित सार्कोमा, म्हणजे कर्करोगाची गाठ, होऊ शकते. तशी वेळ आलीच तर शस्त्रक्रिया सोपी व्हावी म्हणून ही लस पुष्कळ ठिकाणी मागच्या डाव्या पायावर खालच्या बाजूला देतात. टोचलेल्या जागची गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढतच असेल, तर लगेच दाखवा.

लस दिल्यामुळे चाचणी पॉझिटिव्ह येते का?

सहसा नाही. चाचणी विषाणूचं प्रथिन शोधते, अँटिबॉडी नाही. लस टोचल्यानंतर लगेचच रक्त घेतलं तर काही वेळा घोळ होऊ शकतो, म्हणून रक्त लशीच्या आधी घ्यावं.

माणसांना किंवा कुत्र्यांना होतो का?

माणसाला याची लागण झाल्याचा पुरावा नाही. मांजरांसोबत राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या लोकांमध्ये याचा शोध घेतला गेला आहे. कुत्र्यांनाही नाही. पॉझिटिव्ह मांजराला कुशीत घेताना मनात किंतु ठेवू नका. ज्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं: अशा मांजराला इतर जंतुसंसर्ग सहज होतात, त्यातले काही माणसात येऊ शकतात, म्हणून हात धुणं आणि लिटर ट्रेची स्वच्छता यात ढिलाई नको.

मार्जारकुळातल्या जंगली प्राण्यांना मात्र हा विषाणू मारतो. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकेतल्या फ्लोरिडा पँथरमध्ये त्याची साथ आली आणि पाच पँथर दगावले. तो विषाणू पाळीव मांजरांकडून आला होता. २००७ मध्ये स्पेनच्या दोन्याना भागात, आधीच अस्तंगत होऊ घातलेल्या आयबेरियन लिंक्समध्येही साथ आली आणि काही प्राणी गेले. दोन्ही ठिकाणी जंगली प्राण्यांना पकडून लस द्यावी लागली. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या पाळीव मांजरांचं लसीकरण आणि नसबंदी किती दूरवर उपयोगी पडते, ते यावरून दिसतं.

एफआयव्ही आणि हा एकच का?

नाही. एफआयव्ही म्हणजे फेलाइन इम्युनोडेफिशियन्सी व्हायरस, मांजरांची प्रतिकारशक्ती ढासळवणारा वेगळा विषाणू. दोन्ही रेट्रोव्हायरस आहेत आणि एकाच किटवर तपासले जातात, म्हणून गल्लत होते. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात सापडलेला एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, म्हणून भांडखोर बोक्यांमध्ये जास्त आढळतो, आणि त्याची लागण झालेली मांजरं पुष्कळदा पूर्ण आयुष्य जगतात. एफआयव्हीची नेहमीची चाचणी अँटिबॉडी शोधते, त्यामुळे लहान पिल्लात आईच्या अँटिबॉडींमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. किटवर दोन रेघांपैकी नेमकी कोणती उमटली, ते डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा.

घरात एक मांजर पॉझिटिव्ह आलं, बाकीची निगेटिव्ह. आता?

सगळ्यांची चाचणी करा. पॉझिटिव्ह मांजराला वेगळ्या खोलीत ठेवा, त्याच्या वाट्या, अंथरूण, लिटर ट्रे वेगळे ठेवा. दार बंद असलेली खोली पुरते. विषाणू हवेतून लांब जात नाही, आणि हात धुऊन तुम्ही दोन्हीकडे वावरू शकता. बाकीच्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने लस द्या आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा तपासा. पॉझिटिव्ह मांजराच्या खातरजमेच्या चाचण्याही याच काळात होतात.

एकमेकांवाचून न राहणाऱ्या दोन मांजरांना वेगळं करणं जिवावर येतं, हे समजतं. काही घरांत ती आधीच वर्षानुवर्षं सोबत राहिलेली असतात आणि दुसरं मोठं, निरोगी मांजर निगेटिव्हच राहिलेलं असतं. तिथे वेगळं करण्याचा ताण आणि लागणीचा धोका यांची तुलना पशुवैद्यासोबत बसून करता येते. पिल्लू असेल तर मात्र तडजोड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नवं मांजर आणायचं असेल तर पॉझिटिव्ह मांजरासोबत पॉझिटिव्हच ठेवावं, नाहीतर आणू नये.

पॉझिटिव्ह मांजराची काळजी कशी घ्यायची? औषध आहे का?

विषाणूला शरीरातून काढून टाकणारं औषध नाही. झिडोव्ह्युडिन किंवा मांजरांसाठीचा इंटरफेरॉन काही वेळा वापरतात. त्यांचा फायदा मर्यादित असतो, झिडोव्ह्युडिनने रक्तक्षय वाढू शकतो, आणि ती डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावी लागतात. खरं काम होतं ते देखरेखीने. वर्षातून दोनदा तरी पूर्ण तपासणी, वजनाची नोंद आणि रक्ताची तपासणी करा. नसबंदी करून घ्या. पिसवा आणि गोचिडांवर नियंत्रण ठेवा, कारण रक्तातले परजीवी अशा मांजराला पटकन गाठतात. कच्चं मांस, कच्ची अंडी आणि न तापवलेलं दूध देऊ नका. मांजर घराबाहेर सोडू नका, त्याच्यासाठी आणि बाहेरच्या मांजरांसाठीही.

संसर्ग झाला तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. निरोगी मांजरात दोन दिवस थांबून पाहण्यासारखी सर्दी इथे थांबण्यासारखी नसते. स्टेरॉइड सुरू होत असेल तर डॉक्टरांना विषाणूची आठवण करून द्या.

मांजर पॉझिटिव्ह आहे पण खात-पितं, खेळतं. त्याला इच्छामरण द्यावं का?

केवळ चाचणीच्या निकालावरून नाही. पशुवैद्यकांची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. निर्णय मांजराच्या अवस्थेवर घ्यायचा असतो: त्याला वेदना आहेत का, ते खातं का, श्वास नीट चालतो का, उपचारांना दाद देतं का. खेळणाऱ्या मांजराला एका रेघेपायी निरोप देऊ नका. आणि पुढे कधी त्याचा त्रास उपचारांपलीकडे गेला, तर त्या वेळी मागे हटू नका.

एका ठिकाणी खूप मांजरं असतील, किंवा मोकळ्या वस्तीतली मांजरं असतील तर?

बंदिस्त जागेत प्रत्येक नव्या मांजराची चाचणी होईपर्यंत त्याला इतरांत मिसळू देऊ नये, आणि गटागटांत अदलाबदल टाळावी. चाचणी करून लागण झालेल्यांना वेगळं करण्याच्या पद्धतीनेच मांजरांच्या पैदास केंद्रांतला हा आजार काही देशांत मोठ्या प्रमाणावर आटोक्यात आला. मोकळ्या वस्तीत पकडून नसबंदी करून सोडण्याच्या कामात हाताशी पैसा आणि मनुष्यबळ थोडं असतं. तिथे प्रत्येकाच्या चाचणीपेक्षा जास्तीत जास्त मांजरांची नसबंदी करण्यावर भर देतात, कारण त्याने मारामाऱ्या कमी होतात आणि आईकडून पिल्लांकडे जाणारी वाट थांबते.

या आजाराने मांजर गेलं. नवं पिल्लू कधी आणता येईल?

घरात दुसरं मांजर नसेल तर विषाणूच्या दृष्टीने काही दिवस पुरे आहेत. वाट्या आणि ट्रे साबणाने धुवा, ब्लीचचं पातळ पाणी फिरवा, अंथरूण धुऊन वाळवा किंवा बदला. दुसरी मांजरं असतील तर आधी त्यांची चाचणी करा, महिना-दीड महिन्याने पुन्हा करा, आणि दोन्ही निकाल निगेटिव्ह आल्यावरच पिल्लू आणा. पिल्लाचीही चाचणी करून घ्या, लशीचे दोन्ही डोस पूर्ण होऊन दोन-तीन आठवडे उलटेपर्यंत ते बाहेरच्या मांजरांच्या संपर्कात येऊ देऊ नका, आणि वर्षाच्या बूस्टरची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.